वणव्यापुढे अंगावर काय?

मैत्रिणींनो, फाल्गुनात आपल्या सेमाडोहच्या रानात वाळल्या सागपानांचा जाड थर साचतो. 15 फेब्रुवारी ते 15 जून हा वनखात्याचा आगीचा हंगाम. जाळरेषा साफ होतात, फायर वॉचर लागतात आणि याच दिवसांत आपण मोह वेचायला निघतो. वणवा दिसला की गडी काय, बाई काय, ओली डहाळी घेऊन धावतात. अंगावर काय आहे ते कोण बघतं?

आगीशी झुंजणाऱ्यांच्या कपड्यांची गोष्ट गोधडीपासून सुरू होते म्हणा ना. जपानात एदोचे, म्हणजे आजच्या टोकियोचे, आगवाले सुती कापडाचे थर शिवलेले कोट पाण्यात भिजवून घालत. थरांत अडकलेली हवा उष्णता लवकर आत येऊ देत नाही. आपली वाकळ थंडीत हेच काम उलट्या बाजूने करते. भिजवण्यात मात्र धोकाही होता. ओलं कापड फार तापलं तर वाफेनेच भाजतं. विलायतेत जाड लोकरीचे कोट आले. लोकर सहजी पेटत नाही, पण भिजली की अंगावर ओझं.

1960 च्या दशकात अमेरिकेत नोमेक्स नावाचा धागा निघाला. तो वितळत नाही. ज्वाळेत काळा पडून फुगतो आणि आतल्या कातडीला आड होतो. शहरातल्या जवानाचा आजचा कोट तीन थरांचा असतो: वर असा धागा, मधे पाणी अडवणारा पडदा, आत उष्णता थोपवणारं अस्तर.

मग हाच कोट मेळघाटात आणावा? आम्हालाही आधी तसंच वाटलं होतं. पण शहरातला जवान जळत्या घरात थोडा वेळ शिरतो. आपला माणूस एप्रिलच्या उन्हात दिवसभर डोंगर चढतो. जाड कोटात घाम वाळणार नाही, अंगातलीच उष्णता कोंडेल आणि वणव्याआधी ऊष्माघात गाठेल. म्हणून जंगलातल्या आगीसाठी एकेरी, सैल, लांब बाह्यांचे आगरोधक कपडे आणि चामडी बूट वापरतात.

आणि आपण? नायलॉनची साडी, पायात स्लीपर. सूत पेटतं, पण वितळत नाही. नायलॉन, पॉलिस्टर साधारण अडीचशे अंशांच्या आसपास वितळतं आणि कातडीला चिकटतं.

सभेत ब्लोअर किती आले ते विचारलं जातं, कपड्यांचं नाही. यंदा हंगामाआधी आम्ही विचारणार आहोत: आगीवर जाणाऱ्यांना कपडे आणि बूट कधी मिळणार, आणि त्यांत बायांच्या मापाचे किती?