रेंजफाइंडर कॅमेऱ्यासाठी रुंदकोनी लेन्स व हूडची निवड : खानदेशच्या दृश्य इतिहासाच्या संदर्भात एक अभ्यास

प्रस्तावना :

लिखित साधनाची चिकित्सा केल्याशिवाय इतिहास लिहू नये, हा दंडक खानदेशातील अभ्यासकांना नवा नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे १९२६ मध्ये धुळे येथे निधन झाले आणि त्यांच्या नावाने उभ्या राहिलेल्या संशोधन मंडळाने धुळे शहराला साधनसंग्रहाचे केंद्र बनविले. एखादा जुना कागद हाती आला की अभ्यासक त्याचा कागद, शाई, मोडीचे वळण आणि शिक्का तपासतो. छायाचित्राच्या बाबतीत मात्र अशी तपासणी क्वचितच होते. छायाचित्रात जे दिसते ते घडले असे मानले जाते. परंतु जे दिसत नाही ते का दिसत नाही, हा प्रश्न विचारला जात नाही.

या प्रश्नाचे उत्तर अनेकदा छायाचित्रकाराच्या हेतूत नसून त्याच्या लेन्समध्ये असते. लेन्स किती कोन व्यापते, किती प्रकाश आत घेते आणि नको असलेला प्रकाश किती रोखते, यावर साधनाची व्याप्ती ठरते. छायाचित्रणाच्या परिभाषेत मोठ्या ॲपर्चरच्या लेन्सला ‘फास्ट’ लेन्स म्हणतात. अशी रुंदकोनी लेन्स आणि तिच्यापुढे बसणारे हूड यांची निवड ही वरकरणी छंदाची बाब वाटते. प्रस्तुत निबंधात तिचा विचार साधनचिकित्सेची बाब म्हणून केला आहे.

उद्दिष्टे :

१) खानदेश व लगतच्या परिसरातील छायाचित्रणाची निवडक उदाहरणे उपकरणाच्या दृष्टीने तपासणे.
२) रेंजफाइंडर कॅमेऱ्याच्या रुंदकोनी लेन्सच्या विकासाचे टप्पे पाहणे.
३) कमी प्रकाशातील लोकजीवनाच्या नोंदीसाठी लेन्स व हूड निवडण्याचे निकष मांडणे.

अभ्यासपद्धती व मर्यादा :

निबंधाची पद्धती ऐतिहासिक व विश्लेषणात्मक आहे. प्रकाशाची मोजमापे सर्वसाधारण परिस्थिती गृहीत धरून दिली आहेत. ‘खानदेश’ या संज्ञेत प्रामुख्याने जळगाव व धुळे हे जिल्हे अभिप्रेत आहेत. अजिंठा लेणी प्रशासकीयदृष्ट्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात असली तरी तेथे जाण्याचा रेल्वेमार्ग जळगाव-भुसावळकडून येतो, म्हणून त्यांचा समावेश केला आहे.

अजिंठा : स्थिर विषय आणि अपुरा प्रकाश

मद्रास सैन्यातील अधिकारी रॉबर्ट गिल यांची १८४४ मध्ये अजिंठ्यातील चित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी नेमणूक झाली. त्यांनी केलेल्या बहुसंख्य प्रतिकृती १८६६ मध्ये लंडनजवळील क्रिस्टल पॅलेसच्या आगीत नष्ट झाल्या. गिल यांनी कॅमेराही हाती घेतला होता. जेम्स फर्ग्युसन यांच्या लेखनासह १८६४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय लेण्यांवरील ग्रंथात त्यांची ७४ छायाचित्रे आहेत. १८७९ मध्ये त्यांचे भुसावळ येथे निधन झाले.

त्या काळी प्रचलित असलेल्या ओल्या कोलोडियन प्रक्रियेत काच ओली असतानाच छायाचित्र घेऊन ती धुवावी लागे. हे रसायन निळ्या प्रकाशाला संवेदनशील होते. तांबड्या रंगाला ते जवळजवळ दाद देत नसे. अजिंठ्याच्या भिंतींवर गेरूचे प्राबल्य आणि आत प्रकाश तुटपुंजा. त्यामुळे त्या कॅमेऱ्यासमोर स्तंभ, चैत्यगवाक्षे व दर्शनी भाग चित्रांपेक्षा सुलभ होते. गिल यांच्यासारखा जन्मभर चित्रांचा ध्यास घेतलेला माणूसही प्रतिकृतीसाठी कुंचल्यावर आणि वास्तूसाठी कॅमेऱ्यावर विसंबला, यामागे उपकरणाची ही मर्यादा होती.

पुढे १९९० च्या दशकाच्या प्रारंभी बिनॉय बहल यांनी अत्यल्प प्रकाशात अजिंठ्याची रंगीत छायाचित्रे घेतली. त्यांचा ग्रंथ १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. भिंत हलत नाही. कॅमेरा तिपाईवर ठेवून शटर कित्येक सेकंद उघडे ठेवता येते. म्हणजेच अंधार हा एकटा घटक मोठ्या ॲपर्चरची लेन्स अपरिहार्य करीत नाही.

चाळीसगाव : प्रकाशावर पूर्ण स्वामित्व

दुसरे उदाहरण केकी मूस यांचे आहे. १९१२ मध्ये मुंबईत जन्मलेल्या मूस यांनी आयुष्याचा बहुतेक काळ चाळीसगाव येथील रेल्वे स्थानकाजवळच्या आपल्या घरात व्यतीत केला. दीर्घकाळ ते घराबाहेर क्वचितच पडले. १९८९ मध्ये त्यांचे निधन झाले. टेबलटॉप छायाचित्रणात त्यांनी असाधारण प्रावीण्य मिळविले. टेबलावर साध्या वस्तूंनी दृश्य रचायचे, त्यावर हवा तसा प्रकाश टाकायचा आणि पाहणाऱ्याला विस्तीर्ण निसर्गाचा भास घडवायचा, असे या कलेचे स्वरूप आहे. तेथे विषय स्थिर, प्रकाश कलावंताच्या हाती आणि वेळेला बंधन नाही. अशा कामात लेन्सचे ॲपर्चर लहान ठेवले जाते, कारण पुढचे व मागचे सर्व काही रेखीव हवे असते.

गिल, बहल आणि मूस यांच्या कार्याची जातकुळी भिन्न आहे. तरीही त्यांच्यात एक साम्य आढळते. त्यांचा या परिसराशी निगडित असलेला सर्वांत गाजलेला विषय हलणारा नव्हता. मंद प्रकाशात वावरणारा, बोलणारा, काम करणारा माणूस टिपण्यासाठी वेगळ्या उपकरणाची गरज होती.

फैजपूर, १९३६ : रुंद की फास्ट?

हे उपकरण त्याच सुमारास आकाराला येत होते. जर्मनीत ऑस्कर बर्नाक यांनी कल्पिलेला लायका कॅमेरा १९२५ मध्ये बाजारात आला आणि १९३२ मध्ये त्याला लेन्सशी जोडलेला रेंजफाइंडर मिळाला. त्याच वर्षी झाइस कंपनीचा कॉन्टॅक्स आला. डोळ्यासमोरील लहान खिडकीत दिसणाऱ्या दोन प्रतिमा एकमेकींवर जुळविल्या की अंतर अचूक साधते, ही त्यांची पद्धत. कॅमेरा लहान, आवाज कमी आणि आरसा नसल्याने हाताला झटका नाही.

पूर्व खानदेशातील फैजपूर येथे डिसेंबर १९३६ मध्ये पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले हे पहिलेच अधिवेशन. नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या स्थानिक साहित्यातून तेथील सजावट उभी केली. याच बोस यांनी तरुणपणी अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करण्याच्या कामात भाग घेतला होता.

अशा प्रसंगी १९३६ साली लायका घेऊन उभ्या असलेल्या छायाचित्रकारापुढे कोणते पर्याय होते? ५० मि.मी.ची झुमार लेन्स एफ/२ इतकी फास्ट होती, पण तिचा कोन मध्यम होता. ३५ मि.मी.ची एल्मार रुंद होती, पण तिचे कमाल ॲपर्चर एफ/३.५ होते. २८ मि.मी.ची हेक्टर तर एफ/६.३ वर थांबे. झाइसची ३५ मि.मी. एफ/२.८ बायोगॉन तेव्हा नुकतीच अवतरत होती. थोडक्यात, रुंद लेन्स घ्यावी तर प्रकाश कमी आणि फास्ट घ्यावी तर दृश्य अपुरे, असा पेच होता. दिवसा मांडवाबाहेरचा जनसागर टिपणे सोपे होते. रात्री कंदिलाच्या उजेडात राहुटीत चाललेली कार्यकर्त्यांची चर्चा किंवा स्वयंपाकघरात राबणारी माणसे टिपणे दुष्कर होते. म्हणून त्या काळच्या एखाद्या संग्रहात रात्रीची अंतर्दृश्ये आढळली नाहीत, तर ‘तेथे काही घडले नाही’ किंवा ‘छायाचित्रकाराला त्यात रस नव्हता’ असा निष्कर्ष काढणे धाडसाचे ठरेल.

पेच सुटण्याचा काळ

हा पेच १९५० नंतर सुटत गेला. १९५४ मध्ये ३५ मि.मी. कॅमेऱ्यासाठी कोडॅकची ट्राय-एक्स ही जलद फिल्म आली. १९५६ मध्ये निकॉनने रेंजफाइंडर कॅमेऱ्यासाठी ३५ मि.मी. एफ/१.८ लेन्स दिली. लायकाची ३५ मि.मी. एफ/२ झुमिक्रॉन १९५८ मध्ये आणि एफ/१.४ झुमिलक्स १९६०-६१ च्या सुमारास आली. लायका एम ३ च्या दर्शिकेत ३५ मि.मी.ची चौकट नव्हती. ती एम २ मध्ये आली. १९९९ पासून जपानच्या कोसिना कंपनीने फोग्टलेंडर या नावाने तुलनेने स्वस्त लेन्स काढल्या. त्यांतील ३५ मि.मी. एफ/१.२ लेन्स २००३ ची आहे.

लेन्स निवडीचे निकष

खानदेशातील एक प्रसंग घेऊन हे निकष तपासता येतील. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघर कानबाई बसते. रात्री जागरण होते, गाणी म्हटली जातात. धाब्याच्या घराच्या माजघरात एखाद-दुसरा दिवा, भिंतीला टेकून बसलेल्या बायका आणि मागे सरकायला जागा नाही, अशी स्थिती असते. फ्लॅश वापरला तर दिव्याच्या उजेडाने निर्माण केलेले वातावरण नाहीसे होते आणि विधीतही व्यत्यय येतो.

पहिला निकष कोनाचा. ५० मि.मी. लेन्स कर्णरेषेत सुमारे ४६ अंश, ३५ मि.मी. सुमारे ६३ अंश आणि २८ मि.मी. सुमारे ७५ अंश व्यापते. लहान खोलीत ५० मि.मी. एखादा चेहरा देते, ३५ मि.मी. चेहऱ्यासोबत शेजार देते, २८ मि.मी. खोली देते, परंतु कडेची माणसे ताणल्यासारखी दिसू लागतात.

दुसरा निकष प्रकाशाचा. घरातील साधारण विजेच्या उजेडात ४०० आयएसओच्या फिल्मवर एफ/२ ला सुमारे १/३० सेकंद लागतो. त्याच ठिकाणी एफ/३.५ ला सुमारे १/१० आणि एफ/१.४ ला १/६० सेकंद लागेल. १/१० सेकंदात टाळी वाजविणारे हात पुसट होतात. १/६० मध्ये ते बऱ्याच अंशी ओळखू येतात. एफ/१.४ ची लेन्स एफ/३.५ च्या सहापटींहून अधिक प्रकाश आत घेते, याचा व्यवहारातील अर्थ हा असा आहे.

तिसरा निकष रेखीवतेच्या खोलीचा. दोन मीटर अंतरावर ३५ मि.मी. एफ/१.४ लेन्समध्ये सुमारे २७ सें.मी. खोलीचा पट्टा रेखीव येतो, एफ/२ ला सुमारे ३९ सें.मी., तर २८ मि.मी. एफ/२ मध्ये सुमारे ६१ सें.मी. पुढची गाणारी स्त्री स्पष्ट आणि मागची देवी धूसर, असे छायाचित्र कलादृष्ट्या देखणे असेल. नोंद म्हणून ते अपुरे ठरते. म्हणून सर्वांत फास्ट लेन्स हीच सर्वांत योग्य, असे समीकरण मांडता येत नाही.

हूडचे कार्य

लेन्सवरील लेप प्रचलित होण्यापूर्वी काच आणि हवा यांच्या प्रत्येक सीमेवर सुमारे ४ ते ५ टक्के प्रकाश परावर्तित होत असे. आठ सीमा असलेल्या झुमारसारख्या लेन्समध्ये हा भटका प्रकाश निगेटिव्हवर पसरे आणि काळे करडे होई. लेपाची पद्धत झाइसमध्ये १९३५ मध्ये विकसित झाली, परंतु तिचा सार्वत्रिक प्रसार दुसऱ्या महायुद्धानंतर झाला. त्यामुळे जुन्या छायाचित्रातील धूसरपणा हा धुराचा, धुक्याचा की भटक्या प्रकाशाचा, हे तपासूनच विधान केले पाहिजे.

हूड केवळ चौकटीबाहेरून येणारा प्रकाश अडविते. चौकटीतच दिवा असेल तर त्याचा काही उपयोग नाही. तेथे जागा बदलणे किंवा लेन्सवरील जादा फिल्टर काढणे हाच उपाय. रुंदकोनी लेन्सचे हूड उथळच असावे लागते, कारण खोल हूड चित्राचे कोपरे कापते. येथे रेंजफाइंडरची एक अडचण उद्भवते. छायाचित्रकार लेन्समधून पाहत नाही. त्यामुळे कापलेला कोपरा त्याला दिसत नाही. इतकेच नव्हे, तर लेन्सवर राहिलेले झाकणही ध्यानात येत नाही. उलट मोठे हूड दर्शिकेच्या खालच्या कोपऱ्यात डोकावते आणि तेथील माणूस झाकतो. म्हणूनच काही हूडना खाचा ठेवलेल्या असतात. निवड करताना त्याच लेन्ससाठी बनविलेले, खाच असलेले हूड घेणे श्रेयस्कर.

खानदेशच्या उन्हात आणखी एक दक्षता आवश्यक आहे. कापडी पडद्याचे शटर असलेल्या रेंजफाइंडरमध्ये आरसा नसल्याने, लेन्स सूर्याकडे रोखून राहिली तर पडद्याला छिद्र पडू शकते. यापासून हूड वाचवीत नाही, झाकणच वाचविते.

डिजिटल काळातील स्थिती

डिजिटल कॅमेऱ्यात ३२०० आयएसओ सहज वापरता येतो. तेव्हा वरील माजघरात एफ/२ ला १/२५० आणि एफ/२.८ ला सुमारे १/१२५ सेकंद मिळतो. त्यामुळे एफ/१.४ ची महागडी लेन्स ही आता गरज राहिलेली नाही. महाविद्यालयीन प्रकल्पासाठी ३५ किंवा २८ मि.मी.ची एफ/२ अथवा एफ/२.८ लेन्स आणि योग्य हूड पुरेसे आहे. तथापि कोन, रेखीवतेची खोली आणि भटका प्रकाश हे प्रश्न संवेदकाची क्षमता वाढल्याने सुटलेले नाहीत.

निष्कर्ष :

१) विषय स्थिर असेल तर तिपाई व दीर्घ काळ पुरेसा असतो, फास्ट रुंदकोनी लेन्सची खरी गरज मंद प्रकाशातील हलत्या माणसासाठी आहे.
२) १९३० च्या दशकात रुंदी व प्रकाश एकत्र मिळणे कठीण होते. म्हणून त्या काळच्या छायाचित्रांतील रात्र व घराचा अंतर्भाग यांच्या अभावाला पुरावा मानू नये.
३) ३५ मि.मी. एफ/२ लेन्स व खाच असलेले उथळ हूड ही लोकजीवनाच्या नोंदीसाठी समतोल निवड ठरते.
४) विद्यार्थ्यांकडून क्षेत्रकार्य करून घेताना प्रत्येक छायाचित्रासोबत लेन्स, ॲपर्चर, शटरचा वेग, प्रकाशाचा स्रोत, वेळ आणि संबंधितांची संमती यांची नोंद ठेवावी.

माजघरातील स्त्रिया, रात्रपाळीचे जिनिंग कामगार, केळीला रात्री पाणी देणारा शेतकरी यांचे जीवन लिखित दप्तरात फारसे आलेले नाही. उद्याच्या अभ्यासकाला त्यांचा शोध छायाचित्रांतच घ्यावा लागेल. तेव्हा त्याला ती माणसे दिसावीत आणि न दिसल्यास त्याचे कारण तरी कळावे, एवढी दक्षता आज साधने निर्माण करणाऱ्यांनी घेतली पाहिजे.