ओवा, हुकवर्म आणि परळचे दोन मोजणीदार

फराळाचे ताट समोर असताना जंतांची गोष्ट काढणे हे काही रसिकतेचे लक्षण नव्हे. पण 'गोड फार खाऊ नको, जंत होतील' हा दम याच चार दिवसांत घरोघर ऐकू येतो, तेव्हा वाचकांनी क्षमा करावी. गोडाने जंत होत नाहीत. त्यांची अंडी पोटात गेल्याने होतात. आणि हुकवर्म नावाचा त्यांचा भाऊबंद तर बहुधा तोंडाची वाटही धरीत नाही. ओल्या मातीत अनवाणी चालणाऱ्याच्या तळपायातून त्याच्या अळ्या शिरतात, रक्तातून फुप्फुसात, तेथून घशाशी आणि शेवटी आतड्यात जाऊन बसतात. तेथे तो वर्षानुवर्षे रक्त पितो. माणूस पांढराफटक पडतो, जिना चढताना धापा टाकतो, आणि लोक त्याला आळशी म्हणतात.

मी करी रोडचा. आमच्या चाळीत बहुतेक बिऱ्हाडे कोकणातली, आणि औषधाचा डबा साऱ्यांचा एकच : ओवा, वावडिंग, एरंडेल. यातल्या ओव्याचा प्रवास मोठा गमतीचा आहे. १८८० च्या सुमारास आल्प्समध्ये सेंट गॉटहार्डचा बोगदा खणणारे मजूर हुकवर्मने खंगू लागले, तेव्हा इटलीच्या बोझोलो या डॉक्टराने थायमॉल देण्याचा उपाय पुढे आणला. हे थायमॉल निघे ओव्यापासून. पहिल्या महायुद्धापर्यंत आपला ओवा जहाजे भरभरून जर्मनीला जात असे, आणि तिकडे त्याचे स्फटिक होत.

पण स्फटिक म्हणजे चिमूटभर ओवा नव्हे. थायमॉल तेलात आणि दारूत विरघळते, रक्तात उतरते आणि रोग्याच्याच जिवावर उठते. म्हणून त्यावर जुलाब द्यायचा तो विलायती मिठाचा, एरंडेलाचा कदापि नाही! आजीच्या डब्यातल्या दोन शेजाऱ्यांत असे वैर निघेल, हे कोणाला वाटले असते?

थायमॉलला पुढे प्रतिस्पर्धी आले : बीटा-नॅफ्थॉल, चेनोपोडियमचे तेल, १९२१ पासून कार्बन टेट्राक्लोराइड. प्रत्येकाचे भक्त वेगळे. खरे कोणते, हे ठरवायचे कसे? औषधाने जंत पडले एवढे पाहून भागत नाही. पोटात किती उरले तेही कळायला हवे. मलायात डार्लिंग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी किळस बाजूला ठेवून मळ धुऊन जंत मोजले. आधी एका औषधाने पडलेले, मग पोट रिकामे होईपर्यंत पुन्हापुन्हा औषध देऊन पडलेले. एकूण शंभरांतले पहिल्याने किती नेले, तोच त्याचा कस.

आपल्याकडे हे काम मद्रास इलाख्यातल्या हुकवर्म-चौकशीत डॉ. म्हसकर आणि फादर कायुस या जोडीने केले. कायुस हे जेझुइट पाद्री, रसायनशास्त्रज्ञ. औषधाची रासायनिक घडण आणि त्याचा गुण यांचा संबंध काय, या एकाच प्रश्नावर १९१९ पासून काही वर्षे त्यांनी लेखांमागून लेख लिहिले. पुढे हीच जोडी परळच्या हाफकिन संस्थेशी जोडली गेली. करी रोडहून पायी जाण्याइतकी ती जवळ. पूर्वी तेथे गव्हर्नरसाहेब राहत, आणि १८९९ पासून प्लेगची प्रयोगशाळा. तिला हाफकिनचे नाव मिळाले १९२५ मध्ये. सर्पदंशावरच्या शेकडो वनस्पतीही त्यांनी अशाच पारखल्या आणि १९३१ मध्ये निकाल दिला : एकीचाही उपयोग नाही. मला या निकालाचे फार कौतुक वाटते, कारण हेच दोघे कीर्तिकर-बसूंच्या भारतीय औषधी वनस्पतींवरील थोर ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीचे संपादकही होते. प्रेम होते, पण तराजू हलू दिला नाही.

कार्बन टेट्राक्लोराइड यकृताला जाळते असे दिसून आले, तेही मागे पडले. आज २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनी, १० फेब्रुवारीला, शाळेत मुलांना अल्बेंडाझोलची गोळी चघळायला देतात. चारशे मिलिग्रॅम, एकदाच. हिची आणि मेबेंडाझोलची तुलना २००८ मध्ये अनेक चाचण्या एकत्र करून झाली. एका मात्रेने हुकवर्ममुक्त झाले अल्बेंडाझोलने शंभरांत ७२, मेबेंडाझोलने अवघे १५. साध्या जंतांवर मात्र मेबेंडाझोल थोडे सरस : ८८ ला ९५. आणि चाबकासारखा दिसणारा तिसरा कृमी दोघांनाही फारसा जुमानत नाही. त्याचे आकडे २८ आणि ३६.