पट आणि निकाल : हिंजवडीच्या प्राथमिक शिक्षणासंबंधी एक ऐतिहासिक विचार

प्राथमिक शाळेत दोन प्रकारची दप्तरे ठेवली जातात. दाखल-खारीज रजिस्टर व हजेरीपट यांवरून शाळेत कोण आले, कोठून आले व केव्हा गेले हे कळते. निकालपत्रकावरून त्यांनी काय संपादन केले हे कळते. शाळेचा कस ठरविताना मात्र दुसरे दप्तर पुढे येते व पहिले बाजूस राहते. हा प्रकार आजचा नाही. पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यातील हिंजवडी येथे गेल्या पाव शतकात प्राथमिक शाळेपुढे जो प्रश्न उभा राहिला आहे, त्याचा उलगडा होण्यासाठी या दोन दप्तरांच्या संबंधाचा इतिहास ध्यानी घेणे अगत्याचे आहे.

इ. स. १८८२ मध्ये जोतीराव फुले यांनी हंटर आयोगाला सादर केलेल्या निवेदनात या प्रश्नाची ठसठशीत मांडणी आढळते. परीक्षेच्या निकालानुसार अनुदान देण्याची पद्धत तेव्हा मुंबई इलाख्यात रूढ होती. जे लोक दरिद्री आहेत व ज्यांच्यात विद्येची गोडी अद्याप उत्पन्न झालेली नाही, त्यांच्या गरजांना ही पद्धत मुळीच उपयोगी नाही. त्यांच्या वस्तीत स्वतःच्या हिमतीवर शाळा काढणाऱ्या शिक्षकाचा चरितार्थही चालणार नाही, असे फुले यांचे प्रतिपादन होते. म्हणून सरकारी शाळा व खास उत्तेजन यांची त्यांनी मागणी केली. यातून निघणारा मथितार्थ असा की, निकालात शिक्षकाच्या श्रमाइतकाच मुलाच्या घरच्या परिस्थितीचाही वाटा असतो. आयोगाने तरीही प्राथमिक शाळांसाठी निकालाधिष्ठित अनुदानाचाच पुरस्कार केला. ती पद्धत १९०४ च्या सरकारी ठरावानंतर मागे पडली.

१९२९ मध्ये हार्टोग समितीने मोजणीची दिशा बदलली. १९२२–२३ साली पहिलीत असलेल्या दर शंभर मुलग्यांपैकी १९२५–२६ साली चौथीत अवघे १८ आढळले, या आकड्यातून 'गळती' व 'स्थगन' या संज्ञा शिक्षणविचारात रुळल्या. हाच धागा धरून पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतर्फे धनंजयराव गाडगीळ व वि. म. दांडेकर यांनी सातारा जिल्ह्यातील प्राथमिक शिक्षणाची पाहणी केली; तिचे वृत्त १९५५ मध्ये प्रसिद्ध झाले. या साऱ्या परंपरेच्या मुळाशी एक गृहीतक होते : मूल शाळेतून गेले तरी गावात असते. ते शेतावर किंवा गुरांमागे सापडते आणि शिक्षकाला त्याच्या घरी जाऊन चौकशी करता येते.

१९६६ साली अमेरिकेत जेम्स कोलमन यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्याच्या संपादनातील फरक शाळेच्या साधनसामग्रीपेक्षा त्याच्या कौटुंबिक पार्श्वभूमीशी व सोबतच्या विद्यार्थ्यांच्या घडणीशी अधिक निगडित असतो, असा त्याचा निष्कर्ष होता. त्याच वर्षी कोठारी आयोगाने परिसरातील सर्व थरांच्या मुलांनी एकाच शाळेत शिकावे, अशी शिफारस केली. वर्गाची सामाजिक घडण हा शिक्षणाच्या गुणवत्तेचाच एक भाग आहे, हे दोन्हीकडे मान्य झालेले दिसते.

हिंजवडीत हीच घडण पालटली. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्यापासून येथील प्राथमिक शिक्षण पुणे जिल्हा परिषदेकडे आहे. गाव शेतीचे होते तोवर शाळेचा पट म्हणजे बहुतांशी गावचीच मुले. विसाव्या शतकाच्या अखेरीस महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने येथे राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यान वसविले व पुढे ते माण-मारुंजीच्या बाजूस पसरले. जमिनीचा मोबदला मिळालेल्या कुटुंबांतील मुले खासगी इंग्रजी शाळांकडे वळू लागली; तर मराठवाडा, विदर्भ, कर्नाटक, उत्तर प्रदेश, बिहार येथून आलेल्या बांधकाम मजुरांच्या मुलांना मराठी माध्यमाची जिल्हा परिषद शाळाच काय ती जवळची उरली. यांतील कित्येकांची घरची भाषा मराठी नाही. आणि इमारत पुरी झाली की कुटुंब दुसऱ्या कामावर जाते.

येथे हार्टोगकालीन गृहीतक कोसळते. गेलेले मूल एका शाळेत 'गळती' ठरते, दुसरीकडे पोहोचले तर 'नवा दाखल', आणि न पोहोचले तर कोणाच्याच हिशेबात नसते. शिवाय शिक्षकांची पदे ३० सप्टेंबरच्या पटावरून मंजूर करण्याचा प्रघात आहे. गावाकडची पेरणी-काढणी उरकून दिवाळीनंतर आलेले मूल हजेरीपटावर चढते, पण त्याच्यासाठी शिक्षक वाढत नाही. निकालात मात्र ते धरले जाते. शालेय नोंदींवरील अविश्वासालाही कारण आहे : ऑक्टोबर २०११ च्या राज्यव्यापी पटपडताळणीत बोगस पटाचे प्रकार मोठ्या प्रमाणावर उघडकीस आले. त्यानंतर पडताळणी कडक झाली ती योग्यच. परंतु तिचा काच खोट्या नावाला बसतो तसा कागदपत्रे नसलेल्या खऱ्या मुलालाही बसतो.

कायद्याने हा प्रश्न ओळखला आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम ९ नुसार स्थलांतरित कुटुंबांतील बालकांना प्रवेश मिळवून देणे हे स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे. कलम ४ वयानुरूप वर्गात प्रवेश व विशेष प्रशिक्षण देते. कलम १४ वयाच्या दाखल्याअभावी प्रवेश नाकारू देत नाही. प्रवेशाची वाट अशी मोकळी झाली, तरी संपादनाची मोजणी अजून स्थिर गावाच्याच मापाने होते.

निकालपत्रकात प्रत्येक मुलाच्या गुणांशेजारी त्याच्या दाखल होण्याची तारीख व हजेरीचे दिवस लिहिले, तर सहा महिने शिकलेले आणि चार वर्षे शिकलेले मूल एका सरासरीत मिसळणार नाही. शिक्षकाचे श्रम त्यातून न्याय्य रीतीने दिसतील आणि मधूनच नाहीसे झालेले मूल कोणाच्या तरी नजरेस येईल. फुले यांनी १८८२ मध्ये अनुदानाविषयी घेतलेला आक्षेप हिंजवडीत आज मूल्यमापनाला लागू पडतो. पटाचा आधार नसलेला निकाल शाळेची गुणवत्ता सांगत नाही. त्या वर्षी तेथे कोण टिकून राहिले, एवढेच तो सांगतो.