गोंदण : गहाण न पडणारा दागिना

मैत्रिणींनो, नात टॅटूचा हट्ट धरते तेव्हा आपण दचकतो. पण जुन्या पिढीतल्या कितीतरी बायकांच्या कपाळावर, हनुवटीवर, हातांवर हिरवट ठिपके असायचेच. पहिलं गोंदण बहुधा लग्नाआधी, लहानपणीच व्हायचं. गोंदणारीण दारी यायची, सुया एकत्र बांधून काजळीने टोचायची. मुलगी रडायची, तिला विचारत कोणी नसे. तरी पुढे बायका ते मिरवत. सोनं गहाण पडे, विकलं जाई. गोंदण कोणी काढून घेऊ शकत नसे. मेल्यावर तेवढंच सोबत येतं, असं त्या म्हणत.

ही रीत फार जुनी. आल्प्सच्या बर्फात १९९१ साली सापडलेल्या, सुमारे ५३०० वर्षांपूर्वीच्या माणसाच्या अंगावर ६१ खुणा आहेत. विजेच्या यंत्राचं पेटंट न्यूयॉर्कच्या सॅम्युएल ओरायली यांनी घेतलं ते १८९१ मध्ये.

आपलं शास्त्र सांगतं, जिवासोबत कर्मच जातं. देह आणि त्यावरचं गोंदण इथेच राहतं. नातीला हे जरूर सांगावं. पण त्या मुलींना कोणी विचारलं नव्हतं, हिला स्वतः ठरवता येतंय, हेही विसरू नये. तिने ठरवलंच, तर सुई नवी कोरी आहे ना, हे बघायला सोबत जावं.