गॅस सिलिंडरची भट्टी

गॅस सिलिंडरची भट्टी म्हणजे निकामी पोलादी गॅस सिलिंडरच्या कवचात उच्चतापसह अस्तर बसवून तयार केलेली, धातू वितळवण्याची लहान घरगुती भट्टी होय. ॲल्युमिनियम, पितळ, कासे व तांबे यांचे ओतकाम करणारे हौशी कारागीर आणि शिल्पकार तिचा उपयोग करतात. ही प्रथा विशेषतः अमेरिका व युरोपात रूढ आहे. भंगारातून यंत्रशाळा उभारण्याविषयीच्या डेव्हिड गिंगरी या अमेरिकन लेखकाच्या पुस्तकमालेतील पहिले पुस्तक कोळशाच्या घरगुती भट्टीवर आहे. सिलिंडरच्या भट्टीत कोळशाची जागा प्रोपेन वायूने घेतली. मध्यभागी मूस, तिच्याभोवती ज्वाला आणि बाहेर उष्णता कोंडून धरणारी भिंत ही मांडणी मात्र जुनीच आहे. महाराष्ट्रातील ओतारी कारागिरांची भात्याने फुंकण्याची कोळशाची भट्टी याच तत्त्वावर चालते.

रचना

नाव सिलिंडरचे असले, तरी भट्टीचे खरे काम अस्तर करते. पोलाद हे केवळ कवच. सुमारे ३० सें.मी. व्यासाच्या सिलिंडरात ५ सें.मी. जाडीचे अस्तर दिल्यास आत २० सें.मी. रुंदीची पोकळी उरते. सिलिंडरचा वरचा भाग कापून त्याचे झाकण करतात व त्यात धूर जाण्यासाठी भोक ठेवतात. बर्नरची नळी तळाजवळ तिरकी बसवतात, म्हणजे ज्वाला थेट मुशीवर न आदळता तिच्याभोवती गोल फिरते.

अस्तरासाठी १२६० अंश सेल्सिअसपर्यंत टिकणारी सिरॅमिक तंतूंची चादर वापरतात. तिचे सूक्ष्म तंतू फुप्फुसांना अपायकारक असल्याने तिच्यावर उच्चतापसह सिमेंटचा लेप आवश्यक असतो. वाळू व प्लास्टर ऑफ पॅरिस यांचे मिश्रण स्वस्त पडते, पण लवकर भुगभुशीत होते. बांधकामाचे साधे काँक्रीट तर मुळीच वापरू नये; त्यातील पाण्याची वाफ होऊन त्याचे तुकडे उडतात.

रिकाम्या सिलिंडरचा धोका

या भट्टीच्या बांधणीतील सर्वांत घातक टप्पा धातू वितळवण्याचा नसून सिलिंडर कापण्याचा आहे. व्हॉल्व्ह उघडल्यावर वायू बाहेर येईनासा झाला, याचा अर्थ सिलिंडर रिकामे झाले असा नाही. आतला दाब बाहेरच्या हवेइतका झाला, एवढेच. आत वायू भरलेलाच असतो. हवेत त्याचे प्रमाण सुमारे २ ते ९ टक्के झाले, की एका ठिणगीनेही स्फोट होतो. शिवाय हा वायू हवेपेक्षा जड असल्याने नुसते तोंड उघडे ठेवून तो निघून जात नाही. म्हणून मोकळ्या जागेत व्हॉल्व्ह काढून सिलिंडर काठोकाठ पाण्याने भरतात. पाणी वायूला बाहेर ढकलते. हे न करता कटर लावणे प्राणघातक ठरू शकते.

भारतात १४.२ किलोची घरगुती व १९ किलोची व्यावसायिक सिलिंडरे तेल कंपन्यांच्या मालकीची असतात. ग्राहक अनामत भरून ती केवळ वापरतो. त्यामुळे ती कापण्याचा अधिकार त्याला नाही. जाड पोलादी पाइपचा तुकडा कवच म्हणून तितकाच उपयोगी पडतो.

वापर

बर्नरच्या बारीक छिद्रातून वेगाने निघणारा वायू सभोवतालची हवा आत ओढून घेतो, त्यामुळे पंख्यावाचूनही भट्टी पेटते. इंधनाचे सिलिंडर भट्टीपासून दूर ठेवतात. वायू झपाट्याने काढल्यास ते गार पडते व दाब उतरतो. अशा वेळी त्याला ऊब देण्याचा मोह टाळणे आवश्यक असते.

ॲल्युमिनियम ६६० अंशांना, तर तांबे १०८५ अंशांना वितळते. पितळेत जस्त असते व ते ९०७ अंशांना उकळते. त्याचा पांढरा धूर श्वासावाटे गेल्यास काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो. भंगार, सांडशी व साचे आधी तापवून कोरडे करतात. वितळलेल्या धातूखाली पाण्याचा थेंब सापडला, तर त्याची क्षणात सोळाशेपटीहून अधिक वाफ होते व धातू उसळून अंगावर येतो. याच कारणाने मूस काँक्रीटच्या फरशीवर न उचलता कोरड्या वाळूच्या थरावर उचलतात.