ध्वनिमुद्रिकेचा करार : सव्वाशे वर्षांचा मागोवा

एखाद्या होतकरू गायकाला वा वादकाला ध्वनिमुद्रिका कंपनीकडून बोलावणे येते, तेव्हा घरात आनंदीआनंद होतो. पेढे वाटले जातात, शेजारीपाजारी अभिनंदनाला येतात आणि त्या आनंदाच्या भरात बारीक अक्षरांत छापलेल्या दहा-बारा पानांवर न वाचताच सही होते. आमच्या धर्मग्रामांत संगीताची परंपरा जुनी आहे. चर्चच्या गायकवृंदात सूर सापडलेली मुले-मुली पुढे लग्नसमारंभांच्या वाद्यवृंदांत जातात, काही तेथून ध्वनिमुद्रणालयापर्यंत पोहोचतात. "फादर, सही करावी का?" असे त्यांचे आईवडील आम्हां धर्मगुरूंना विचारतात. या प्रश्नाला होय किंवा नाही असे एका शब्दाचे उत्तर देणे आम्हांला शक्य वाटत नाही. परंतु हा प्रश्न नवाही नाही. गेली सव्वाशे वर्षे देशोदेशींच्या कलावंतांपुढे तो उभा राहिला आहे. कोणी सही केली, कोणी नाकारली, कोणाला सहीविनाच राबावे लागले. त्या प्रत्येकाने काय मिळविले आणि काय गमावले, हे पाहिले तर निर्णयाची वाट थोडी उजळते.

प्रारंभ १९०२ सालापासून करू. त्या वर्षीच्या एप्रिल महिन्यात लंडनच्या ग्रामोफोन कंपनीचा अमेरिकन ध्वनिमुद्रक फ्रेड गायसबर्ग इटलीत होता. प्रथम रोम येथे त्याने व त्याच्या भावाने सिस्टाईन चॅपेलच्या गायकवृंदाचे गायन मुद्रित केले. तेथून मिलानला जाऊन ११ एप्रिल रोजी एका हॉटेलच्या खोलीत त्याने एन्रिको कारुझो या एकोणतीस वर्षांच्या गायकाकडून एकाच दुपारी दहा गाणी गाऊन घेतली. कारुझोने शंभर पौंड मागितले होते. ही रक्कम अवाच्या सवा आहे, मुद्रण करू नये, अशी तार लंडनहून आली. पण आपण ती बाजूला ठेवली, असे गायसबर्गने आपल्या आठवणींत लिहिले आहे. त्या दहा गाण्यांनी कंपनीचे नाव झाले आणि गायकाचेही. एक गोष्ट मात्र ध्यानात घेण्याजोगी आहे. शंभर पौंड घेऊन कारुझो मोकळा झाला. पुढे तबकड्या किती खपल्या याच्याशी त्या व्यवहाराचा संबंध उरला नाही.

दुसऱ्याच वर्षी, १९०३ साली, फ्रान्चेस्को तमान्यो या नामवंत इटालियन गायकाने वेगळीच अट घातली. आगाऊ रक्कम तर घेऊच, शिवाय विकल्या जाणाऱ्या प्रत्येक तबकडीमागे आमचा हिस्सा हवा, असे त्याने कंपनीला सांगितले आणि मान्य करून घेतले. स्वामित्वधन, म्हणजे रॉयल्टी, ध्वनिमुद्रिकांच्या व्यवहारात शिरली ती येथून. कारुझोही पुढे अमेरिकेतील व्हिक्टर कंपनीशी करारबद्ध झाला, आणि तेथे प्रत्येक विक्रीतील वाटा त्याला मिळू लागला. एकरकमी मोबदला आणि विक्रीतील हिस्सा हे दोन मार्ग पहिल्या दोन वर्षांतच स्पष्ट झाले होते. आजचा कोणताही करार उघडून पाहा. याच दोन मार्गांची ती कमीअधिक सरमिसळ असते.

त्याच १९०२ सालच्या नोव्हेंबरात गायसबर्ग कलकत्त्यास होता. तेथे त्याने ज्यांचे गाणे मुद्रित केले त्यांत गौहरजान होत्या. गाणे संपताच त्या इंग्रजीत आपले नाव उच्चारीत. कारण मेणाचे ठसे जर्मनीतील हॅनोव्हरला जात, आणि तेथील कारागिरांना कोणते गाणे कोणाचे हे त्यावरून कळे. मोठ्या कर्ण्यात तोंड घालून, सुमारे तीन मिनिटांत राग मांडून दाखवायचा, ही अट त्या काळच्या गवयांना विचित्र वाटली असल्यास नवल नाही. तरीही अनेकांनी ती स्वीकारली. जोहराबाई आग्रेवाली यांच्याशी कंपनीने १९०८ साली करार केला : वर्षाला पंचवीस गाणी, मोबदला २,५०० रुपये, आणि गाणे फक्त याच कंपनीसाठी. त्या काळाच्या मानाने रक्कम घसघशीत होती. परंतु 'फक्त याच कंपनीसाठी' हे शब्द तेव्हाही करारात होते आणि आजही असतात. गायकाचे स्वातंत्र्य त्या शब्दांत बांधले जाते. म्हणूनच हे बंधन किती वर्षांचे, हा प्रश्न रकमेइतकाच महत्त्वाचा ठरतो.

आता नकार देणाऱ्यांकडे वळू. कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे दरबारगायक, जयपूर-अत्रौली घराण्याचे अध्वर्यू उस्ताद अल्लादिया खाँ १८५५ ते १९४६ असे दीर्घ आयुष्य जगले. त्यांच्या हयातीत ध्वनिमुद्रणाचे तंत्र बाल्यावस्थेतून प्रौढ झाले, पण त्यांची एकही तबकडी नाही. गायनाचार्य भास्करबुवा बखल्यांचा आवाजही आपल्यापर्यंत पोहोचलेला नाही. बंदिशी चोरीस जातील, तीन मिनिटांत रागाचा अवमान होईल, गाणे नाक्यानाक्यावर वाजेल, अशी नाना कारणे त्या पिढीच्या नकाराबद्दल सांगितली जातात. त्यांना अडाणी म्हणून हसण्याची आमची तयारी नाही. जे आपल्या ताब्यातून कायमचे जाणार, ते देताना हात आखडावा, यात शहाणपण आहेच. तथापि त्या शहाणपणाची किंमत आपण श्रोत्यांनी मोजली. ज्यांच्याविषयी एवढे ऐकले, त्यांचा एक सूरही कानी पडत नाही.

याच अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या, गोव्यातील केरी गावच्या केसरबाई केरकर. ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत त्या अतिशय चोखंदळ होत्या. तरीही १९३० नंतरच्या काळात त्यांनी मोजक्या तबकड्या दिल्या. त्यांतील साडेतीन मिनिटांची एक भैरवी अमेरिकेने १९७७ साली अंतराळात धाडलेल्या दोन्ही 'व्हॉयेजर' यानांवरील सोनेरी तबकडीत समाविष्ट झाली. दुसरे यान झेपावले ५ सप्टेंबरला, आणि केसरबाई निवर्तल्या त्याच महिन्याच्या १६ तारखेस. गुरूचा आवाज पृथ्वीवरही उरला नाही. शिष्येचा आवाज सूर्यमालेच्या पलीकडे गेला. नाकारणे आणि सर्वस्व देऊन टाकणे यांच्या मध्ये निवडून, मोजून देण्याचा एक मार्ग असतो, तो केसरबाईंनी दाखविला.

तिसरा वर्ग आमच्या समाजाला अधिक जवळचा आहे. गोव्याच्या पारोकियाल शाळांत मेस्त्रींच्या हाताखाली स्वरलेखन व व्हायोलिन शिकलेले शेकडो कॅथलिक तरुण मुंबईत आले आणि हिंदी चित्रपटसंगीताच्या वाद्यमेळाचा कणा बनले. सेबॅस्टियन डिसोझा, चिक चॉकलेट या नावाने ओळखले जाणारे आंतोनियो झेवियर वाझ, माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस ही त्यांतील ठळक नावे. संगीतकाराने चाल गुणगुणावी आणि यांनी ती वाद्यमेळासाठी कागदावर उतरवावी, असा तो व्यवहार होता. मोबदला मिळे तो त्या दिवसाच्या कामाचा. तबकडीवर नाव बहुधा नसे. विक्रीतील हिस्सा हा विषयच नव्हता. गोन्साल्विसांचे शिष्य प्यारेलाल यांनी १९७७ सालच्या 'अमर अकबर अँथनी'तील गाण्यात गुरूचे नाव गुंफून घेतले, म्हणून ते घराघरांत पोहोचले. एका शिष्याच्या कृतज्ञतेने हे घडविले. कोणत्याही कराराने नव्हे. कलावंताचे नाव टिकणे शिष्याच्या चांगुलपणावर सोपवावे लागावे, हे आम्हांस उचित वाटत नाही.

नावाचा आणि हिश्श्याचा हा प्रश्न लता मंगेशकरांनीही उचलला होता. 'महल' चित्रपटाच्या, म्हणजे १९४९ सालच्या, तबकडीवर गायिकेचे नाव 'कामिनी' असे छापले होते. चित्रपटातील पात्राचे ते नाव! पुढे १९६० नंतरच्या दशकात गायकांनाही स्वामित्वधन मिळावे असा आग्रह लताबाईंनी धरला. गाण्याचे पैसे मिळाले की आपला हक्क संपला, असे महंमद रफी यांचे मत होते, आणि त्यांच्या सचोटीबद्दल कोणी शंका घेऊ नये. या मतभेदापायी दोघांनी काही वर्षे एकत्र गाणे थांबविले. दोन सज्जन माणसांत असा मतभेद होऊ शकतो, कारण तेव्हा कायदा याविषयी जवळजवळ मूक होता.

पाश्चात्त्य देशांतही नवोदितांची स्थिती निराळी नव्हती. लिव्हरपूलच्या 'बीटल्स' या चार तरुणांना १९६२ साली डेका कंपनीने चाचणी घेऊन नाकारले. त्यानंतर ईएमआय कंपनीने जो करार पुढे केला, तो त्यांनी मुकाट्याने स्वीकारला : दोन गाण्यांच्या तबकडीमागे एक पेनी, तीही चौघांत व व्यवस्थापकात वाटून. कीर्ती झाल्यावर १९६७ साली नवा करार करून त्यांनी दर वाढवून घेतला. अलीकडे अमेरिकन गायिका टेलर स्विफ्ट हिने किशोरवयात केलेल्या करारानुसार तिच्या पहिल्या सहा संग्रहांची मूळ मुद्रणे कंपनीच्या मालकीची होती. २०१९ साली कंपनीबरोबर तीही विकली गेली. गाणी तिने स्वतः रचली असल्याने रचनेवरील हक्क तिच्याकडे होता. त्या बळावर तिने २०२१ पासून चार संग्रह नव्याने गाऊन प्रसिद्ध केले आणि अखेर २०२५ साली मूळ मुद्रणेही विकत घेतली. गाण्याची रचना ही एक मालमत्ता आणि तिचे मुद्रण ही दुसरी, हा भेद आमच्या मुलांनी या उदाहरणावरून पक्का करावा.

आपल्या देशात १९५७ चा स्वामित्वहक्क कायदा लागू आहे. १९९४ च्या दुरुस्तीने गायक-वादकांच्या सादरीकरणाला स्वतंत्र हक्क मिळाला. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार व संगीतकार यांचा स्वामित्वधनातील समान वाटा असा सुरक्षित केला, की करारात लिहून दिला तरी तो कंपनीला सोडून देता येत नाही. तो वारसांना वा स्वामित्वहक्क संस्थेलाच देता येतो. सादरकर्त्यांनाही व्यापारी उपयोगाबद्दल स्वामित्वधनाचा अधिकार मिळाला. हक्कांचे हस्तांतरण लेखीच असावे लागते. त्यात मुदत नमूद नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते, प्रदेश नमूद नसेल तर तो भारतापुरता मानला जातो. आणि अठरा वर्षांखालील मुलाने केलेला करार १८७२ च्या करार कायद्यानुसार मुळातच टिकत नाही.

तेव्हा सुजाण पालकांना आमचे सांगणे इतकेच. कंपनी वाईट आणि कलावंत भोळा, असे समीकरण इतिहास मांडीत नाही. गायसबर्गने शंभर पौंडांचा धोका पत्करला नसता, तर कारुझोचा तरुण आवाज मिलानच्या नाट्यगृहातच विरला असता. भांडवल, यंत्रे, वितरण ही कंपनीची देणगी आहे, आणि तिचा मोबदला घेणे तिचा हक्क आहे. मात्र सही करण्यापूर्वी पाच गोष्टी कागदावर बोट ठेवून वाचाव्यात : रचना आणि मुद्रण यांपैकी आपण काय देत आहोत, किती वर्षांसाठी, किती प्रदेशासाठी, विक्रीतील हिस्सा किती व त्यातून कोणता खर्च वजा होणार, आणि तबकडीवर, किंवा आता मोबाइलच्या पडद्यावर, आपले नाव राहील की नाही. कराराची प्रत घरी आणावी, जाणकार वकिलाकडून वाचून घ्यावी. "आजच सही करा, उद्या संधी जाईल" असे कोणी म्हणाले, तर एक दिवस अधिक घ्यावा. पेढे दुसऱ्या दिवशीही वाटता येतात.