एका गीताचे चार पाठ

पाठभेदांचे महत्त्व मराठी वाचकास निराळे सांगावयास नको. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हापासून ‘मूळ पाठ कोणता?’ हा प्रश्न आपल्या परिचयाचा आहे. ध्वनिमुद्रित संगीताविषयी मात्र आपण तो क्वचितच विचारतो. जी तबकडी बाजारात आली तीच कृती, अशी आपली समजूत असते. ही समजूत किती अपुरी आहे, हे इंग्लंडमधील ‘सॉफ्ट मशीन’ या वाद्यवृंदाच्या इतिहासावरून आम्हांस उमगले.

हा वृंद १९६६ मध्ये कँटरबरीच्या मित्रमंडळींतून उभा राहिला. रॉबर्ट वायट ड्रम वाजवी आणि गाई; माइक रॅटलेजकडे ऑर्गन, केव्हिन एअर्सकडे बेस गिटार आणि ऑस्ट्रेलियाहून आलेल्या डेव्हिड अ‍ॅलनकडे गिटार होती. एअर्स व अ‍ॅलन लवकरच दूर झाले आणि बेस गिटार ह्यू हॉपरने हाती घेतली. दोन-तीन मिनिटांच्या गीताची चौकट मोडून जॅझच्या वळणाने दीर्घ रचना बांधणारी जी शाखा पुढे ‘प्रोग्रेसिव्ह रॉक’ म्हणून ओळखली गेली, तिच्या आद्य प्रवर्तकांत या मंडळींची गणना होते. लोकप्रियता बेताचीच लाभली. पण चाहत्यांची निष्ठा अभंग राहिली.

१९७० साली त्यांचा ‘थर्ड’ हा दोन तबकड्यांचा संच निघाला. चार बाजूंवर चारच रचना. त्यांपैकी तीन शब्दरहित. तिसऱ्या बाजूवरील ‘मून इन जून’ हे सुमारे एकोणीस मिनिटांचे गीत तेवढे वायटचे. १९७१ च्या पुढील मुद्रिकेत गायन नाहीच, आणि त्याच वर्षी वायटने वृंद सोडला. केवळ या मुद्रिका पुढे ठेवून इतिहास लिहिला, तर निष्कर्ष सरळ निघतो: गायन हा या वृंदातील उपरा अंश होता, तो यथाकाल गळून पडला. अप्रकाशित फितींनी हा निष्कर्ष उलटविला आहे.

पहिली साक्ष एप्रिल १९६७ ची. लंडनच्या एका स्टुडिओत नमुन्यादाखल नऊ गीते मुद्रित झाली आणि पडून राहिली; ती १९७२ मध्ये फ्रान्समध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतील दोन गीतांचे अंश ‘मून इन जून’मध्ये जसेच्या तसे ओळखू येतात. दुसरी साक्ष १९६८ ची. जिमी हेंड्रिक्सच्या पथकाबरोबरचा अमेरिकेचा दौरा संपला, वृंद विखुरला, आणि मागे राहिलेल्या वायटने हेच गीत एकट्याने बांधावयास घेतले. त्याच काळातील दुसऱ्या एका गीतात स्वतः हेंड्रिक्सने बेस गिटार वाजविली आहे. या फिती एकत्र ऐकावयास मिळाल्या त्या थेट २०१३ मध्ये. तिसरा पाठ जून १९६९ मधील बी.बी.सी.च्या कार्यक्रमातला. तेथे वायटने शब्द बदलून यजमान संस्थेचेच मिस्कील कौतुक गायिले. तो पाठ १९७७ च्या संग्रहात आला. चौथा पाठ ‘थर्ड’मधला. जे गीत उपरे वाटत होते, ते वृंदाच्या जन्मापासून एका माणसाने तीन वर्षे उराशी जपले होते. गळून पडली ती फांदी नव्हती, मूळच होते.

‘चौथा पाठ तोच खरा, बाकीचे कच्चे खर्डे, कलावंताने बाजूला ठेवलेले उकरून काढू नये,’ असा आक्षेप कोणी घेईल. त्यात तथ्य आहे. १९६७ ची तीच नऊ गीते निरनिराळ्या नावांनी पुनःपुन्हा विकली गेली आहेत. तो व्यापार झाला, संशोधन नव्हे. परंतु ‘पक्की’ मुद्रिका तरी किती पक्की? याच संचातील हॉपरची ‘फेसलिफ्ट’ ही रचना जानेवारी १९७० मधील क्रॉयडन व बर्मिंगहॅम येथील मैफलींच्या फिती कापून व जोडून सिद्ध झालेली आहे. क्रॉयडनच्या मैफलीतील इतर भाग २००० साली ‘नॉइझेट’ या नावाने निघाला, तेव्हा त्या रात्रीचे अखंड वादन कसे होते, हे श्रोत्यांस कळले. अर्थात तबकडीदेखील एक संपादित प्रतच असते.

१९७३ मध्ये उंचावरून पडल्यामुळे वायटचा कमरेखालील देह कायमचा पंगू झाला. गायक म्हणून त्याने पुढे मोठे काम केले. पण दोन्ही पायांनी ड्रम पेलीत गाणारा तो तरुण त्या फितींतच उरला. त्या कोणी जपल्या नसत्या, तर एका पराभूत पक्षाची बाजू इतिहासात कधीच नोंदली गेली नसती. म्हणून आमचे म्हणणे एवढेच की, अशा फिती प्रसिद्ध व्हाव्यात, पण साल, स्थळ आणि वादकांची नावे यांसह. कारण पोथीला जसा लेखनकाल, तशी फितीला ही नोंद. ती नसेल तर हाती उरतो तो केवळ आवाज, इतिहास नव्हे.